एकाच थानातले दोन शर्ट

आमच्या घनसावंगीतले शमुवेलकाका शिंपी दोन भावांपैकी एकट्याचा शर्ट शिवत नाहीत. मी धाकट्या मुलासाठी कापड घेऊन गेलो, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"गुरुजी, थोरल्याचं कुठंय?"

"त्याला नकोय, काका."

"तोंडानं नकोच म्हणंल. एकाच थानातलं आणा, न्हाईतर दुसरा शिंपी बघा."

दुसरा शिंपी आहे. काकांनी परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांवरच त्याचं दुकान चालतं.

या हट्टामागे पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गोष्ट आहे. म्हातारा याकोब आपल्या मुलांपैकी एकट्या योसेफाला सुंदर झगा देतो. दहा भाऊ जळतात, योसेफाला खड्ड्यात टाकतात, परक्यांना विकतात. पुढे तो मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा कारभारी होतो आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य देतो, माफीही. काका ही गोष्ट चर्चमधल्या पोरांना दर रविवारी सांगतात, पण शिंप्याच्या नजरेने. "बापानं माप एकाचंच घेतलं. तिथंच बिघडलं." झग्याच्या बाह्यांवर दहा मिनिटं जातात. माफीपाशी आले की मात्र घसा खाकरून पुस्तक मिटतात. "बाकी फुडच्या रविवारी." पुढच्या रविवारी पुन्हा झगा.

एकदा मी डिवचलंच. "योसेफ म्हणालाच ना, तुमच्या वाइटातून देवानं चांगलं केलं म्हणून? मग तिथवर जात का नाही?"

मशीन थांबलं.

"ते योसेफानं म्हणायचं, गुरुजी. खड्ड्यात त्यो पडल्ता. भावांनी म्हणलं तर बेशरमी. अन् म्या त्या दहांतला हाय."

मग सगळं बाहेर आलं. लहानपणी एका नाताळाला शिंपी बापाने धाकट्या भावाला, दावीदला, नवा शर्ट शिवला, यांना जुनाच उसवून पुन्हा शिवून दिला. यांनी गिऱ्हाइकाचं रेशमी कापड दावीदच्या पेटीत लपवलं. चोर म्हणून बापाने त्याला घराबाहेर काढलं. आज हसनाबादला त्याचं कापडदुकान आहे, झकास चाललंय. लोक म्हणतात, देवाने भलंच केलं. काका म्हणत नाहीत. ते दर नाताळाला एका थानातून दोन शर्ट शिवतात. एक अंगात, दुसरा ट्रंकेत. भावाचं पोट सुटलं असेल म्हणून दरसाल घेर अर्धा इंच वाढवतात. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

माझी बहीण हसनाबादला दिली आहे. यंदा नाताळाआधी तिच्याकडे निघालो, तर काकांनी पिशवी पुढे केली. "नुसतं त्याला द्या. न्हाई घेतला तर न्हाई."

दावीदरावही चष्म्यावरूनच बघतात. त्यांनी शर्ट उलटा केला, शिवण पाहिली आणि खाली बसले. मग उठून अंगात घातला. घेर ढगळ, बाही आखूड. काढून, नीट घडी करून त्यांनी तो माझ्याच हातात ठेवला. मला फार वाईट वाटलं.

"दादाला सांगा," ते कसेबसे म्हणाले, "माप न घेता शर्ट शिवतंय का कुनी?"

परत आलेली पिशवी पाहून काकांचा चेहरा उतरला. निरोप मात्र त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मग भरदुपारी, दुकानात नाताळाची गर्दी असताना उठले. "सरका, सरका. गुरुजी, शटर वढून घ्या!" आणि हसनाबाद गाठायला चक्क जालन्याच्या जीपकडे धावले.

"काका, टेप गळ्यातच राहिली!" मी ओरडलो.

"मंग? माप घ्यायलाच चाल्लो न्हाई का!" म्हणत त्यांनी त्याच टेपच्या टोकाने डोळे पुसले.