लाखबंद पत्र

विधानसभेने ठराव केला की, गव्हर्नरांचा सरकारी पत्रव्यवहार यापुढे भावी पिढ्यांसाठी जपून ठेवण्यात यावा. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण त्यात कुणालाच काही करायचं नव्हतं.

त्याआधी असा नियम नव्हता. मुदत संपली की गव्हर्नर आपली कागदपत्रं पेटीत भरून घरी घेऊन जात. इंग्लंडच्या राजाला हाकलून वीसेक वर्षं झाली होती. तेवढ्यात आमच्या राज्यात बरेच गव्हर्नर होऊन गेले, आणि त्यांच्या पत्रांचं काय झालं हे त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय कळत नसे. एकाच्या बायकोने युद्धकाळातली पत्रं मुरंब्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधली. दुसऱ्याच्या मुलींनी ती रात्री केसांच्या बटांना गुंडाळली. मी या राज्याच्या दफ्तरखान्यात नोकरीला आहे. आमच्याकडच्या सर्वांत जुन्या सरकारी पत्रावर पीचच्या पाकाचा डाग आहे.

पण त्या पत्रांबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. ती दोन-दोन ओळींची आहेत. ‘पीठ पाठवतो. पूल तेवढा पावसाआधी उरका.’ आणि चौकशी केली तर असं दिसतं की पीठ पोचलेलं होतं आणि पूलही उभा राहिला होता.

ठराव झाला तेव्हा लेम्युएल पिंकहॅमसाहेब गव्हर्नर होते. माणूस वाईट नव्हता. लाकडाची वखार चालवून वर आलेला, स्वभावाने मोकळा. पण आपलं प्रत्येक वाक्य आता पुढच्या पिढ्या वाचणार हे कळल्यापासून त्यांना वाक्यच सुचेनासं झालं. पूर्वी ते उभ्या उभ्या पत्र लिहीत. आता पत्र लिहायच्या दिवशी दाढी करून बसू लागले. त्यांचा चिटणीस सायलस ऑर्कट याचं अक्षर मोत्यासारखं होतं. ते कुणाच्या तरी नजरेला पडावं ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. साहेबांना अमर व्हायचं होतं आणि चिटणिसाला अक्षर दाखवायचं होतं. मग काय, आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, पण हे दोघे राखायला बसले की देवसुद्धा हात टेकतो.

अशात ओबेद टारबॉक्स पकडला गेला.

ओबेद आमच्या घाटावरचा नावाडी. नदीपलीकडे दुसरं राज्य. त्याची एक काळी घोडी होती, तिचं नाव डचेस, म्हणजे सरदारीणबाई. एक दिवस तो तिच्या पाठीवर मक्याची पोती घालून पलीकडच्या गिरणीवर गेला. तिकडे त्याच आठवड्यात कुणाचा तरी घोडा चोरीला गेला होता. चोरीला गेलेला घोडा तपकिरी होता, पण लोक चिडलेले होते आणि ओबेद परका होता, एवढं पुरेसं झालं. तिकडच्या कायद्यात घोडेचोराला फाशी होती.

तिकडचा मॅजिस्ट्रेट शेतकरी गडी होता. त्याने निरोप धाडला की, मला हा माणूस चोर वाटत नाही, पण तो दुसऱ्या राज्याचा आहे. तुमच्या गव्हर्नरने आमच्या गव्हर्नरला एक ओळ लिहावी, माणूस आमचा आणि घोडी त्याची. मी सोडून देतो. मात्र फिरतं न्यायालय शरद ऋतूत इकडे येईल त्याच्या आत लिहा. न्यायाधीश आले की माझ्या हातात काही राहणार नाही.

ओबेदची बायको अर्ज घेऊन कचेरीत आली. तेव्हा मका अजून हिरवा होता.

ऑर्कटने अर्ज घेतला, त्याच्या तीन घड्या घातल्या, पाठीवर तारीख आणि विषय लिहिला, दोरा बांधला आणि कप्प्यात ठेवला. एवढं झाल्यावर काम झालं अशी आमच्या कचेरीची समजूत होती, आणि ती आजही आहे. बाई जागची हलेना, तेव्हा त्याने तिला समजावलं की एक ओळ लिहिता येणार नाही. स्वतंत्र राज्याने स्वतंत्र राज्याला लिहायचं म्हणजे आधी स्वातंत्र्याबद्दल लिहावं लागतं.

पिंकहॅमसाहेबांनी खरोखरच फार सुंदर पत्र लिहिलं. सुरुवात रोमन लोकांपासून होती. मनुष्याचे जन्मसिद्ध हक्क, जुलमी राजे, समुद्रापलीकडचा अंधार, सगळं होतं. बाईला ते वाचून दाखवण्यात आलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “यात ओबेद कुठाय?”

“नवव्या पानावर,” ऑर्कट म्हणाला. “कंसात.”

पत्र गेलं आणि न फोडता परत आलं. वाटेत दिवस बरेच गेले, कारण पत्रं नदीपार नेणारा ओबेदच होता आणि तो आत होता. टपाल आता वरच्या अंगाच्या पुलावरून वळसा घालून जात असे. परत आलेल्या पत्राला तिकडच्या चिटणिसाची चिठ्ठी जोडलेली होती, ती अशी: आमच्या घटनेप्रमाणे आमच्या गव्हर्नरांना ‘महामहिम’ असं संबोधण्यात येतं. तुमच्या पाकिटावर नुसतंच ‘श्रीयुत बार्थोलोम्यू ट्रेंचर्ड’ आहे. या नावाचे कुणी श्रीयुत गव्हर्नर आमच्या राज्यात नाहीत. तपासून पाठवावे.

आता इकडे आमच्या घटनेत काय होतं, तर गव्हर्नर हा श्रीयुतच. महामहिम वगैरे राजेशाहीची घाण म्हणून आम्ही ती काढून टाकली होती, आणि ती काढून टाकल्याचा आम्हाला विलक्षण गर्व होता. साधेपणाचा असा माज दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. घोडीला सरदारीणबाई म्हणायला आमची हरकत नव्हती. गव्हर्नरला महामहिम म्हणायला होती.

बाई पुन्हा कचेरीत आली. तिचं म्हणणं सोपं होतं. महामहिम हवंय ना त्यांना, लिहा की. शाईच तर जाते.

“बाई, तुम्हाला कळत नाही,” ऑर्कट शांतपणे म्हणाला. “दोनशे वर्षांनी लोक हे पाकीट बघतील. काय म्हणतील ते आपल्याला?”

“दोनशे वर्षांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. माझा नवरा आत्ता आत आहे.”

ऑर्कटने हे वाक्य टिपून ठेवलं नाही. सरकारी पत्रव्यवहारात ते बसत नव्हतं.

मग पत्रांमागून पत्रं गेली आणि आली. पहिलं ओबेदबद्दल होतं. दुसरं पहिल्याच्या पाकिटाबद्दल, आणि तिसरं दुसऱ्यातल्या भाषेबद्दल. पलीकडच्यांनीही आमचं बघून पत्रव्यवहार जपण्याचा ठराव केला, त्यामुळे ट्रेंचर्डसाहेबही दाढी करून बसू लागले. दोन्हीकडच्या विधानसभांनी समित्या नेमल्या. आमच्या समितीने प्राचीन ग्रीसमध्ये कुणाला काय म्हणत याचा छडा लावण्यासाठी एका पाद्रीबाबांना कामाला लावलं. ओबेदला काय झालंय याचा छडा लावण्याची गरज भासली नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

गावाचं म्हणाल तर गाव पेटलं होतं. गावच्या सराईमध्ये सफरचंदाच्या दारूचं पिंप फोडण्यात आलं आणि प्रथेप्रमाणे तेरा वेळा पेले उंचावण्यात आले. पहिला प्रजासत्ताकाच्या नावाने, दुसरा पिंकहॅमसाहेबांच्या, तिसरा साधेपणाच्या. बारावा ओबेदच्या नावाने होता, पण तोवर उठून उभं राहण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं. ओबेदच्या दारात कुणी पिठाची पिशवी ठेवल्याची नोंद नाही. नोंद नसली तरी ठेवली असेल असं समजण्याइतका मी भोळा नाही.

शेवटी बाईने घोडागाडीवाल्याचे पाय धरले आणि ती वळसा घालून पलीकडे गेली. तिकडचा तुरुंग म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या घरामागची मक्याची कोठी होती. ओबेद तिथे बसून मॅजिस्ट्रेटच्या पोरांसाठी लाकडाच्या नावा करत होता. मॅजिस्ट्रेट या प्रकरणाला विटला होता. दर आठवड्याला त्याला दोन्हीकडच्या पत्रांच्या नकला येत आणि त्या वाचल्याबद्दल सही करून द्यावी लागे. त्याने बाईकडे पाहिलं, डचेसकडे पाहिलं, आणि म्हणाला, “मी गुरांना पाणी पाजून येतो. मला दर वेळी वेळ लागतो.”

तो परत आला तेव्हा कोठी रिकामी होती. त्याच संध्याकाळी ओबेद, बायको आणि घोडी पलीकडेच अडकून पडलेल्या आपल्या नावेतून नदी उतरून घरी आले. बाईने चूल पेटवली. एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती, आणि दोन ओळींच्या काळात ती संपलीही असती.

सकाळी ऑर्कट धापा टाकत ओबेदच्या दारात हजर झाला. त्याचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला होता. आदल्याच दिवशी पिंकहॅमसाहेबांचं सर्वांत थोर पत्र पुरं झालं होतं. ‘आमच्या निरपराध नागरिकाला बंधमुक्त करा’ हे त्याचं शेवटचं वाक्य. त्याची नक्कल वहीत उतरवून झाली होती, तारीख पडली होती, वहीतलं काही खोडायचं नाही असा ठराव होता. आणि निरपराध नागरिक घरी बसून मक्याची भाकरी खात होता.

“तुम्ही घरी असाल तर पत्र खोटं ठरतं,” ऑर्कट म्हणाला. “राज्याच्या दप्तरात पहिलं खोटं पत्र तुमच्यामुळे जाईल.”

दुपारी गाव जमलं. कुणी दरडावलं नाही. सगळे गोडीनेच बोलले, आणि तेच वाईट होतं. सराईवाला म्हणाला, गड्या, असं मागच्या दाराने सुटण्यात काय शोभा? पाद्रीबाबा म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. शाळामास्तर म्हणाले, फक्त पत्र पोचेपर्यंत जाऊन बस, आज जाशील ते चार दिवसांत वाजतगाजत येशील. शिवाय पत्र वळसा न घालता वेळेत न्यायचं तर नाव लागणारच होती, आणि नाव ओबेदशिवाय कुणाला हाकता येत नव्हती.

बाईने सगळ्यांना शिव्या घातल्या. मग ओबेदलाही घातल्या, कारण तो डोकं खाजवत विचार करत होता. आपल्याविषयी एवढं मोठं काही लिहिलं जाण्याची त्याला सवय नव्हती.

“सगळं गाव म्हणतंय, तर असेल काहीतरी,” तो म्हणाला.

“गाव येणारे का तुझ्याबरोबर? मग गावाचं काय ऐकतोस?”

तो ऐकेना. तेव्हा ती गव्हर्नरांच्या घरी गेली आणि दारात उभी राहिली. पत्रात महामहिम लिहिल्याशिवाय मी हलणार नाही म्हणाली. पिंकहॅमसाहेबांनी खिडकीतून बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं, पहिलं पान बदललं आणि आत सुरुवातीलाच ‘महामहिम’ लिहिलं. पाकिटावर मात्र श्रीयुतच राहू दिलं. पाकीट गावाला दिसणार होतं. मग त्यांनी लाख ओतली आणि राज्याचा शिक्का दाबला.

ओबेद आपल्या सुटकेचं पत्र छातीशी धरून, आपली नाव आपणच वल्हवत, तुरुंगात जायला निघाला. आम्ही सगळे घाटावर ढोल घेऊन उभे होतो. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण आमचे म्हणजे आम्हीच.

पलीकडे एक छोटी अडचण झाली होती. फिरतं न्यायालय ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच आलं होतं. न्यायाधीशांनी कैद्याला विचारलं, कुठे होतास? ओबेद म्हणाला, घरी. कैदेतून पळाला, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि पळतो तो चोरच असतो. त्याने पत्र पुढे केलं. न्यायाधीश म्हणाले, हे गव्हर्नरांच्या नावाचं आहे, मला फोडता येत नाही. पत्र ट्रेंचर्डसाहेबांकडे गेलं. त्यांच्या चिटणिसाने पाकीट पाहिलं. श्रीयुत. न फोडता परत.

पत्र परत न्यायालयात पोचलं तेव्हा ओबेदला पुरून झालं होतं.

यानंतर दोन्ही गव्हर्नरांचं वागणं नमुनेदार होतं. ट्रेंचर्डसाहेबांनी दुखवट्याचं पत्र पाठवलं आणि खाली मोठ्या मनाने नुसतं ‘श्रीयुत ट्रेंचर्ड’ अशी सही केली. पिंकहॅमसाहेबांनी तितक्याच मोठ्या मनाने त्याचं उत्तर ‘महामहिम’ असं लिहून दिलं, पाकिटावरसुद्धा. दोन राज्यांमधला हा ऐतिहासिक समेट शाळेच्या पुस्तकात आहे.

ते परत आलेलं पत्र आमच्या दफ्तरखान्याचं भूषण आहे. काचेच्या पेटीत, मंद उजेडात, ठरावीक थंडाव्यात. ते कुणी कधीच फोडलं नाही, आणि त्यातच त्याचं मोल आहे. त्या काळातली अशी अखंड लाख देशात दुसरीकडे नाही. मध्यंतरी एका संशोधकाने ते उघडून वाचण्याची परवानगी मागितली. पत्र पलीकडच्या राज्याच्या नावाचं असल्यामुळे त्यांना विचारणं भाग आहे. त्यांना काय संबोधून लिहावं यासाठी आम्ही समिती नेमली आहे.

लोक दुरून येतात, पेटीसमोर वाकून उभे राहतात. अक्षर काय सुंदर आहे म्हणतात. लाख कसली वापरली हे विचारतात. काही जण बाजू घेतात. महामहिम लिहायला काय हरकत होती, किंवा लिहायचंच कशाला. तुम्हीही इथवर येताना मनातल्या मनात ठरवलं असेलच. तुम्हाला पिंकहॅम आठवतात, ट्रेंचर्ड आठवतात, चिटणिसाचं नाव आठवतं. घोडीचंसुद्धा आठवतं.

बाईचं नाव मी सांगितलं नाही, आणि तुम्हीही ते विचारलं नाहीत. तिच्या अर्जावर ते आहे. अर्ज ‘किरकोळ’ म्हणून बांधलेल्या गठ्ठ्यात, खालच्या फळीवर. हा गठ्ठा बघायला परवानगी लागत नाही. ऑर्कटने बांधलेला दोरा अजून तसाच आहे.