चौदा स्टिका आणि गरम पाण्याचं पिंप

रिंकवर पाणी मारावं तर ते या ऑरेस्टनंच! हे मी नाही, अख्खं गाव म्हणतं. बरं, गाव म्हणत नाही, मीच म्हणतो; पण ते अजून कुणी खोडून काढलेलं नाही. शाळेमागचं आमचं उघडं रिंक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं मैदान, गेली बावीस वर्षं मी सांभाळतोय. माझ्या बर्फात बघून खुशाल दाढी करावी!

तर अशा माणसानं त्या शनिवारी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "पॉलीन, आज इंग्वार आणि टारास एकमेकांशी बोलणार. आणि त्यांना बोलायला लावणार मी!"

"तू आपलं पाणी मार," पॉलीन सूप ढवळत म्हणाली. "माणसं जोडायच्या भानगडीत पडू नकोस."

आता मला सांगा, कसा पडणार नाही? आम्ही तिघं याच रिंकवर चालायला शिकलो. म्हणजे चालायला घरीच शिकलो असू, पण आधी घसरायला इथं! आणि अकरा वर्षांपूर्वी एका गोलवरून सगळं फिसकटलं. मारणारा टारास, अडवणारा इंग्वार. एक म्हणतो चकती आत गेली, दुसरा म्हणतो खांबाला लागून परतली. एकानं दुसऱ्याला खोटारडा म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला आंधळा. तेव्हापासून टारास शनिवारी खेळतो आणि इंग्वार रविवारी. आणि आता सोमवारी इंग्वार कायमचा मुलीकडे राहायला निघाला होता, दोन हजार किलोमीटर लांब समुद्रकाठी. तिकडे म्हणे हिवाळ्यात नुसता पाऊस पडतो! बोलणं व्हायचं तर आजच, नाहीतर कधीच नाही.

मी दोघांनाही शनिवारी बोलावलं. दुसरा येणार नाही, असं प्रत्येकाला शपथेवर सांगितलं. पुढची युक्ती तर त्याहून झकास. आमच्याकडे आल्या आल्या प्रत्येकानं आपली स्टिक रिंकच्या मधोमध टाकायची असते. मग एकानं टोपी डोळ्यांवर ओढून एकेक स्टिक डावीउजवीकडे भिरकावायची. ज्याची स्टिक जिकडे, तो त्या संघात. त्यावर अपील नाही! आज भिरकावणार होतो मी. दोघांच्या स्टिकांच्या टोकाला लोकर गुंडाळली की हाताला बरोबर कळणार आणि दोघं एका संघात पडणार. एका संघात पडले की पास द्यावाच लागतो. आणि पास मागायचा तर हाक मारावीच लागते!

सगळे जमले. स्टिका पडल्या, चौदा. मंडळी रिंकशेजारच्या खोपट्यात स्केट बांधायला आणि पॉलीनच्या हातचं सूप प्यायला गेली. इंग्वार आणि टारास एकमेकांना बघून बाकाच्या दोन टोकांना बसले, तोंडं भिंतीकडे.

"मी जरा शेवटचा हात फिरवून येतो," मी म्हणालो आणि घसरगाडीवरचं पिंप ओढत निघालो. दोनशे लिटर गरम पाणी! गरमच लागतं, त्यानं बर्फ आरशासारखा होतो. मधे वाकून लोकर पटकन बांधली. पण खिडकीतून बारा जण बघत होते. आता पाणी न मारून कसं चालेल?

नळ सोडला. उणे तीस अंशांत गरम पाणी! एवढी वाफ उठली की मला माझंच नाक दिसेना. मी अंदाजानं उजवीकडे वळलो. घसरगाडी धाडकन कशावर तरी आपटली आणि पिंप आडवं झालं.

ते कशावर तरी म्हणजे स्टिकांचा ढीग, हे तुम्ही ओळखलंच असेल!

वाफ विरली, तेव्हा चौदाच्या चौदा स्टिका पाण्यात होत्या. एक ओढून बघतो तोवर वरती साय धरली. दुसरी ओढतो तोवर माझा ओला हातमोजा तिला चिकटला. मंडळी धावत आली, तेव्हा मी चार पायांवर होतो, मोजा स्टिकेला आणि गुडघा बर्फाला.

"ऑरेस्ट," पॉलीन म्हणाली, "ही माझ्या नव्या स्वेटरची लाल लोकर ना रे?"

गोठलेल्या बर्फाखाली ती फारच सुंदर दिसत होती! दोन स्टिकांच्या टोकांना, ठळक. काय करता? सगळं कबूल केलं.

"म्हणजे मला फसवून बोलावलंस!" इंग्वार गरजला.

"आणि मला नाही का?" टारास ओरडला. पण माझ्याकडे बघून, इंग्वारकडे नाही. हातोड्या आणि छिन्न्या आल्या. दोघांच्या स्टिका नेमक्या एकीवर एक अडकलेल्या, म्हणून दोघांना समोरासमोर गुडघ्यांवर बसावं लागलं. पाच मिनिटं नुसती ठकठक.

"तो गोल झाला होता," टारास बर्फाला म्हणाला.

"खांब!" इंग्वारही बर्फालाच म्हणाला. "गोलमागे हा ऑरेस्ट पंच म्हणून उभा होता ना? विचार त्यालाच!"

"विचारायचंय काय? गोल म्हणून हात वर केला होता त्यानं! सांग रे, चकती आत गेली होती की नाही?"

दोघांनी हातोड्या माझ्याकडे रोखल्या. गुडघा बर्फाला चिकटलेल्या माणसाला पळून जाता येत नाही.

"मी बघत नव्हतो," मी म्हणालो. "माझी पिरोही बर्फात पडली होती. बटाटा भरलेली उकडीची करंजी, शेवटची. ती उचलत होतो. टारास ओरडला, म्हणून हात वर केला."

दोघांच्या हातोड्या खाली आल्या.

"पिरोही!" टारास म्हणाला.

"अकरा वर्षं!" इंग्वार म्हणाला. मग टारासकडे वळला. "ऐकलंस का रे याचं?"

"ऐकलं ना! सोडू नकोस त्या गाढवाला!"

त्यांनी सोडलं नाही. बर्फाचे गोळे करून करून दोघांनी मला मारलं, एकमेकांना हसून टाळ्या देत. पॉलीनही गोळे करून पुरवत होती! मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

स्टिका निघायला दुपार कलली. संघ पाडायला स्टिका भिरकावायचा प्रश्नच उरला नाही. ते दोघं एका संघात, आणि शिक्षा म्हणून मी समोरच्या गोलमध्ये. सूर्य टेकला होता. इंग्वार डावीकडून निघाला आणि ओरडला, "टाऱ्या, इकडे! इकडे दे!"

टाऱ्या! ही हाक मी किती वर्षांनी ऐकत होतो. माझे डोळे भरून आले आणि त्या थंडीत पापण्याच गोठल्या. कुठंतरी खट्ट आवाज झाला.

"आत गेली!" टारास ओरडला.

"खांब! खांब!" माझ्या संघातले ओरडले.

सगळे माझ्याभोवती जमले. इंग्वारनं माझ्या छातीवर बोट ठेवलं. "ऑरेस्ट, या वेळी खरं सांगायचं. आत गेली की नाही?"

खरं सांगू? या वेळीही मी बघितलं नव्हतं.