ह्यूस्टनच्या स्थळासाठी मार्गारिटा

माणसाची योग्यता त्याच्या विचारांवरून ठरते, असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात ती तो पाहुण्यांपुढे काय ठेवतो त्यावरून ठरते. डोंबिवली पूर्वेला आमच्या भागात हे शास्त्र फार पुढे गेलेलं होतं. पन्हं देणारी घरं साधी, पावडरीचं सरबत देणारी सुधारलेली, आणि कोल्ड्रिंकची बाटली फोडणाऱ्या घरातलं कोणीतरी नक्की आखातात. ही उतरंड सुरळीत चालू असताना १९९४ साली आमच्या इमारतीतल्या हरिहर खांबेट्यांनी तिच्यावर आणखी एक मजला चढवला. त्यांनी घरी मार्गारिटा केली.

खांबेटे वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. आयुष्यात त्यांनी दारूला स्पर्श केलेला नव्हता (खोकल्याचं औषध धरत नाहीत). पण त्यांची मुलगी उत्तरा हिला अमेरिकेतलं स्थळ आलं होतं. उत्तरा कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. मुलगा ह्यूस्टनला कॉम्प्युटरमध्ये होता. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमका कुठे, हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती. घरात त्याला ‘ह्यूस्टन’च म्हणत. ह्यूस्टन रविवारी येणार, ह्यूस्टनची उंची चांगली आहे, ह्यूस्टनची पत्रिका जुळते.

“त्याचं नाव काय आहे?” उत्तराने एकदा विचारलं.

आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. “आडनाव आगटे,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “ठाण्याचे. नौपाड्यातले.”

मुलाचे वडील फोनवर एवढंच म्हणाले होते, “आमचा मुलगा आता तिकडचाच झालाय हो.” या एका वाक्याने खांबेट्यांची झोप उडाली. तिकडच्या मुलापुढे इकडचं पन्हं ठेवलं तर त्याचा मुलीविषयी काय ग्रह होईल? कारखान्यातले एक साहेब टेक्सासला जाऊन आलेले. खांबेट्यांनी त्यांना गाठलं.

साहेब म्हणाले, “तिथे घरोघरी मार्गारिटा. टकिला दोन भाग, संत्र्याची एक दारू असते ती एक भाग, लिंबाचा रस एक भाग. बर्फ घालून हलवायचं आणि ग्लासच्या कडेला मीठ लावायचं. काही कठीण नाही.”

खरेदी विभागातल्या माणसाला कोणतीही गोष्ट अशी सुटी करून सांगितली की ती मिळेलच असं वाटू लागतं.

सर्वप्रथम कायदा. आपल्या राज्यात दारू पिणाऱ्याजवळ, ती त्याच्या प्रकृतीसाठी आवश्यक असल्याचा परवाना असावा लागतो. बहुतेक लोक हे आजारपण परवान्याशिवाय अंगावर काढतात. खांबेट्यांनी मात्र रजा टाकली आणि ते ठाण्याला कचेरीत गेले.

“प्रकृतीला काय होतंय?” कारकुनाने विचारलं.

“मुलीचं लग्न,” खांबेटे म्हणाले.

कारकुनाला स्वतःला मुली असाव्यात. त्याने समजुतीने मान हलवली. “एका दिवसाचा देऊ की जन्माचा?”

“पाहुणे एकदाच येणार आहेत. रविवारी.”

टकिला आली ती साहेबांच्या, बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याकडून. ती कापडी पिशवीत, मेथीच्या जुडीखाली लपून जिना चढली. सुहासिनीबाईंनी तिच्यासाठी जागा पाहिली. देवघराच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर नको (पाय लागेल), फ्रिजमध्ये तर नकोच (शेजारच्या घरची आइस्क्रीमची भांडी तिथे असत). शेवटी ती दिवाणात, शालूंच्या शेजारी झोपली.

संत्र्याची दारू कुठे मिळाली नाही. तिच्या जागी संत्र्याच्या गोळ्या खलबत्त्यात कुटून कोमट पाण्यात विरघळवण्यात आल्या. हलवण्यासाठी फिरकीच्या झाकणाची लोणच्याची बरणी निवडली. ती कितीही घासली तरी हिंगाचा वास जाईना, पण पाहुणा बाहेरचा असल्यामुळे त्याला हा वास मूळचाच वाटेल, असं ठरलं. ग्लास म्हणून आहेरात आलेले आइस्क्रीमचे पेले. बारीक मीठ कडेवरून ओघळायचं, म्हणून लोणच्याचं जाडं मीठ. लिंबं उत्तराने पिळायची. तिच्या बोटाला चिरलेलं होतं, ते रसाने झोंबायचं.

“बाबा, त्याला नुसतं विचारलं तर? काय घेणार म्हणून?”

“असं विचारलं की आपल्याकडे काही नाही हे कळतं,” खांबेटे म्हणाले.

आता एक शास्त्रीय अडचण आली. चव कोण घेणार? घरात कोणी पीत नव्हतं. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या विश्रामरावांना बोलावण्यात आलं. विश्रामराव सोसायटीचे सेक्रेटरी आणि व्यसनमुक्ती मंडळाचे व्याख्याते. या विषयाचा त्यांच्याइतका अभ्यास इमारतीत कोणाचा नव्हता.

विश्रामरावांनी डोळे मिटून एक घोट घेतला. “लिंबू पुढे येतंय,” ते म्हणाले. लिंबू मागे सारण्यात आलं. मग मीठ वर येऊ लागलं. मग गोडी. प्रत्येक दोष नीट कळावा म्हणून ते पेला संपवत, आणि दुरुस्ती झाली की नाही हे पाहायला दुसऱ्या दिवशी स्वतःहून येत. शनिवारपर्यंत मार्गारिटा निर्दोष झाली आणि बाटली अर्धी.

रविवारी ह्यूस्टन आला. किडकिडीत, चष्मा, आईवडिलांच्या मध्ये बसलेला. पोहे आले आणि त्यांच्यामागून, कडेला मीठ लावलेल्या पेल्यांचा ट्रे घेऊन स्वतः खांबेटे आले.

“हे काय आहे?” मुलाने विचारलं.

“मार्गारिटा. घरीच केली,” खांबेटे म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी प्रतिष्ठेचा विचार केला. “आमच्याकडे असतेच एरवी.”

मुलाने उचललेला पेला परत ठेवला. “काका, मी घेत नाही. तिकडे रविवारी मी मुलांचा रामरक्षेचा वर्ग घेतो.”

“मी म्हटलं नव्हतं का, तिकडचाच झालाय?” आगटे म्हणाले. “सोवळं नेसल्याशिवाय जेवत नाही. आम्ही दोघं अंडं खातो, तर आम्हाला बोलतो. दादरची स्थळं होती, पण हा म्हणाला डोंबिवलीचंच घर हवं.”

आपण पिणारे नाही हे खांबेट्यांना आता सिद्ध करायला हवं होतं, आणि सिद्ध करायचं म्हणजे कागद. त्यांनी आतून परवाना आणला. “हे बघा. एकाच दिवसाचा आहे. आजचा.”

आगट्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि पत्नीकडे दिला. त्यांनीही वाचला.

“प्रकृतीसाठी आवश्यक,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणजे काही दुखणं आहे. आनुवंशिक नाही ना?”

सुहासिनीबाई पोह्यांवर पुन्हा खोबरं घालू लागल्या.

“तुम्ही घेता?” मुलाने उत्तराला विचारलं.

“नाही. लिंबं मी पिळली.” तिने बोट दाखवलं. मग विचारलं, “तुमचं नाव काय?”

“श्रीरंग.”

“मला कोणी सांगितलंच नव्हतं.”

तो पहिल्यांदा हसला. “मला तरी कुठे? घरात सगळे तुम्हाला ‘डोंबिवली’ म्हणतात.”

उत्तराही हसली. मग दोघं खोबऱ्याचं निमित्त करून खाली बघत बोलत राहिली. तिची प्रात्यक्षिकं, तिथला उन्हाळा, त्याला न जमणारी आमटी. वडीलधारी मंडळी तोवर परवान्याकडे पाहत होती. पोहे संपायच्या आत आगटे उठले आणि मुलाला उठवून घेऊन गेले.

दोन दिवसांनी फोन आला. पत्रिका पुन्हा पाहिली, ती जुळत नाही म्हणाले. (ग्रहांनाही परवाना दाखवला असावा.) सोसायटीत निषेध झाला. मुलीच्या दाखवण्याच्या कार्यक्रमात दारू, या विषयावर विश्रामरावांनी गच्चीवर व्याख्यान दिलं. ते अत्यंत अनुभवसिद्ध झालं.

त्या संध्याकाळी खांबेटे गच्चीवर गेले नाहीत. उत्तरा बाल्कनीत कपडे काढत होती, तिथे ते जाऊन उभे राहिले. तिच्या हातातला टॉवेल घेऊन त्यांनी त्याची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली.

“तुला आवडला होता का गं तो?” त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत घरातल्या कोणी तिला काही विचारलं, ते हे पहिल्यांदाच.

उत्तराने दोरीवरचे चिमटे गोळा केले आणि मग त्यांना उत्तर दिलं. आमची बाल्कनी त्यांच्या बाल्कनीला लागून असल्यामुळे ते मला ऐकू आलं.

ही हकीकत मी पुढे कितीतरी जणांना सांगितली. माणसं सुशिक्षित, मुलीबाळींची. ती पोट धरून हसतात, परवान्याचा भाग पुन्हा सांगायला लावतात. उत्तरा काय म्हणाली हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. सगळ्यांना एकच काळजी असते, ती दिवाणातल्या उरलेल्या बाटलीची. तुमचीही उत्सुकता जास्त ताणत नाही. बाटली विश्रामरावांनी नेली.