अर्ज सात पानी, मोहीम बोरखेडी फाट्याची

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, वर्धा प्रांती मौजे बोरखेडी येथे कागदावर जे युद्ध जाहले त्याची हकीकत ऐसीजे. श्रोत्यांनी सावध होऊन ऐकावी, कारण या रणी विशेषणे बहुत कामास आली.

सकाळी सातची वर्धा गाडी फाट्यावर न थांबता धूळ उडवून जात असे, आणि भागीरथाबाईंची कन्या सुरभी हिची कॉलेजातील हिवाळी परीक्षा सोमवारी लागणार, म्हणोन गावाने मसलत करून राजमान्य राजश्री महादेवराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, 'वरील विषयास अनुसरून' या किल्ल्याचे चौतीस वर्षांचे किल्लेदार, यांजकडे अर्जाची मुखत्यारी दिली. मग गुरुजींनी सात पाने लिहिली. पैकी सहा पानी एसटीच्या थोर परंपरेची स्तुती, आणि सातव्याच्या तळाशी, पराभूत शिपायासारखी दडून, मागणी. आगाराच्या साहेबांनी दोन पाने वाचिली, जी त्या दप्तराच्या रिवाजापेक्षा दोन अधिकच, आणि 'आपले अभिनंदनपर पत्र पावले, आभारी आहोत' ऐसा जबाब धाडून अर्ज चौकटीत घालून भिंतीस लाविला. जेथे न समजणे हीच विद्वत्तेची सनद, तेथे दुसरे काय व्हावे?

तेव्हां गुरुजी बुधवारी नऊ पानी मसुदा घेऊन भागीरथाबाईंच्या ओट्यावर वाचावयास बसले, आणि बाई तुरीच्या शेंगा सोलीत ऐकत होत्या. पाचव्या पानी त्यांनी हात पुसून फर्मावले, "गुरुजी, टोपलंभर शेंगा सोलून झाल्या, तुमच्या कागदात गाडी अजून आली नाई."

गुरुजींनी शैलीची ढाल पुढे केली. बाई म्हणाल्या, "सोमवारी पोरीचा पेपर हाये. तेवढंच लिहा ना. काऊन लाजून राह्यले?"

मग कत्तल सुरू जाहली. 'सविनय' पडले, 'सादर' पडले, 'उपरोक्त' व 'तदनुषंगाने' हे जुने सरदार एका रेघेत गारद जाहले. 'कृपया' करिता गुरुजी तासभर झुंजले, आणि बाईंनी तह करून ते एक त्यांस बक्षीस दिले. उरले ते ऐसे: 'सातची वर्धा गाडी बोरखेडी फाट्यावर थांबत नाही. सोमवारपासून मुलीची परीक्षा आहे. कृपया थांबवा.'

हा कागद साहेबांनी शेवटापर्यंत वाचिला, त्यास उपाय नव्हता. संपेपर्यंत चहाही आला नव्हता. शुक्रवारी हुकूम सुटला.

सोमवारी सात वाजता गाडी फाट्यावर उभी राहिली. सुरभी चढून खिडकीशी बसली. गुरुजी पायरीवर एक पाय ठेवून, वाहक कैलास यांस उद्देशून, 'सन्माननीय महोदय, आजच्या या मंगल प्रसंगी' येथवर पावले. कैलासाने दोरीस हात घालून पुसिले, "गुरुजी, चढता का?"

गुरुजींनी गाडीकडे पाहिले, खिडकीतील पोरीकडे पाहिले, आणि म्हणाले, "चढतो."

ऐसी फत्ते जाहली. दप्तरी नोंद असावी.