मोरेंचं नाक

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत कोणाच्या घरी काय शिजतंय, हे मोरे रोज सकाळी जिना उतरता उतरता जाहीर करतात. "सावंतवहिनी, आज सुकट! पाटील, दूध लागतंय खाली, गॅस बारीक करा!" दहापैकी आठ वेळा ते बरोबर असतात. उरलेल्या दोन वेळा लोक कबूल करत नाहीत.

मोरे न्हावा शेव्याच्या एका गोदामातून निवृत्त झाले. नाकात मांसाचे कोंब वाढून त्यांचा वास पार गेला होता. ऑपरेशन करून ते काढले. पण डॉक्टरांनी बजावलं, कोंब परत येऊ शकतात. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्प्रे मनाने बंद करायचा नाही. मोरेंनी हे फारच मनावर घेतलं. उकळून गार केलेलं पाणी ते एका नाकपुडीतून घालतात, दुसरीतून काढतात. त्या आवाजाने समोरच्यांचा पाहुणा एकदा धावत आला होता, कोणी बुडतंय का बघायला.

"मोरे, नाक मोकळं झालं ना? मग रोज कशाला?" मी एकदा विचारलं.

"मोकळं आहे म्हणूनच!"

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या पूजेत त्यांनी पेटती धूपदाणी उचलून थेट पार्किंगमध्ये नेऊन ठेवली. "धूर तुमचा, नाक माझं!" भटजी मंत्र विसरले. चेअरमन भडकले आणि मी खजिनदार म्हणून समज द्यायला त्यांनी मला पाठवलं.

मोरे चहा ओतत होते. मी सुरुवात केली, "अहो, माणसाने नाकाचं किती टेन्शन घ्यावं?"

त्यांनी भांडं खाली ठेवलं, मान किंचित वर केली आणि "आलोच" म्हणून आतल्या खोलीत गेले. आत त्यांची आई असते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, वाचाही गेलेली. पाण्याचा आवाज आला. मग मोरेंचा, एकदम हळू. "झालं हां आई. जरा कुशीवर हो. पावडर लावतो."

हात धुऊन ते परत आले. चहावर साय धरली होती.

"नाक बंद होतं ना, तेव्हा आई तशीच ओली पडून राहायची हो," ते म्हणाले. "सांगणार कशी? पाठीला जखम झाली, तेव्हा मला कळलं. मी शेजारीच पेपर वाचत बसायचो."

मी कप उचलला.

"बोला. चेअरमन काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हटलं. "तब्येत विचारलीय तुमची."