डबा रिकामा धाडत नाहीत

प्रभाकर घरत रोज सकाळी देवाच्या आधी वजनकाट्याला नमस्कार करत. देव निदान फोटोत हसतो तरी. काटा मेला पंधरवडाभर एकच आकडा दाखवत होता, अठ्ठ्याण्णव.

"रंभे, याचा सेल गेला असल."

"कालच नवा घातला तुमी," रंभाबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. "हॉलमदी ठेवून बगितला, गॅलरीत ठेवून बगितला. आता काय गच्चीवर न्यायचा?"

प्रभाकरांनी लुंगी आवळली, श्वास सोडला, पुन्हा काट्यावर चढले. अठ्ठ्याण्णव. त्यांनी हातातलं कडं काढून ठेवलं, गळ्यातली साखळी काढली. तरी अठ्ठ्याण्णव. आता अंगावरून उतरवण्यासारखं लाजेशिवाय काही उरलं नव्हतं.

करंजाड्यात शेत होतं तोवर या माणसाला पोट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शेत गेलं, त्यावर इमारत आली, इमारतीला लिफ्ट आली, आणि लिफ्टपाठोपाठ पोट आलं. तेही चाललं असतं हो. आगरी माणसाला पोटाची लाज वाटत नाही. पण नेऱ्याला दिलेल्या धाकट्या बहिणीच्या, हौसाच्या लेकीचं लग्न ठरलं, आणि सगळं गणित फिरलं.

त्यांच्यात नवरी मांडवात चालत येत नाही. मामा तिला उचलून आणतो. ही भाची, पूर्वी तिचं नाव, लहान असताना प्रभाकरांनी तिला खांद्यावर घेऊन नेऱ्याची सगळी जत्रा दाखवली होती, आणि तेव्हाच कबूल केलं होतं, "लग्नात पन असाच नेईन तुला." आता पूर्वीचं लग्न मोऱ्याच्या हृतिकशी ठरलं होतं, आणि प्रभाकरांचे गुडघे जिना चढताना कुरकुरत होते. हाडांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "नव्वदच्या आसपास या, मग काय उचलायचं ते उचला. नाहीतर नवरीबरोबर तुम्हालाही उचलावं लागेल."

आणि उचलणारा तयारच होता. चुलत भाऊ कल्पेश. नात्याने तोही मामाच. करंजाड्यातच त्याची जिम. दंडावर बाही मावत नाही असला गडी. लग्न ठरल्यापासून भेटला की एकच वाक्य, "दादा, टेन्शन नको घेऊ. मी हाय ना. पूर्वी म्हंजे आपला वॉर्मअप."

प्रभाकर हसत. घरी येऊन मात्र त्या दिवशी त्यांना भेंडीची भाजी गोड लागत नसे. पोरीला दिलेला शब्द दुसऱ्याने पाळायचा, या विचाराने त्यांना रडू यायचं. रडू म्हणजे रडूच, उगाच डोळ्यात काही गेलं वगैरे नव्हे.

म्हणून रंभाबाईंनी त्यांना पनवेलमधल्या मनस्वी मॅडमकडे नेलं. मॅडम आहारतज्ज्ञ. त्यांनी भात बंद केला, भाकरी बंद केली, साखर बंद केली. मासे, मटण, अंडी चालतील म्हणाल्या तेव्हा प्रभाकरांना वाटलं, ही तर देवीच. संध्याकाळी ताटात नुसतं कालवण आलं तेव्हा ते वाटीकडे बघत बसले. "हे कशाशी खायचं? चमच्याने? मी काय आजारी हाय?"

पण माणूस निग्रहाचा. सुरुवातीला वजन भराभर उतरलं. पँट सुटायला लागली, गुडघे गप्प झाले. आणि मग एकदम काटा अडकला.

"वजन असं एका जागी अडकतं, याला प्लॅटू म्हणतात," मनस्वी मॅडम म्हणाल्या. "शरीराला नव्या खाण्याची सवय होते. चालणं वाढवू या, झोप नीट घ्या. आणि लपूनछपून पोटात काही जात नाही ना, ते बघा."

"नाय मॅडम. आईची शपथ."

शपथ खोटी नव्हती, हे इथेच सांगून टाकतो. प्रभाकर मनाने स्वच्छ होते. आता, नेऱ्याहून हौसाचा डबा यायचा, ही गोष्ट वेगळी. तांदळाचे वडे असायचे त्यात, मामाला आवडतात म्हणून पूर्वीने स्वतः थापलेले. नेऱ्याला या डाएटचा पत्ता नव्हता आणि प्रभाकरांनी तो लागू दिला नव्हता. मामाला झेपत नाही असं पोरीला कळलं असतं तर तिने उचलायचंच नको म्हटलं असतं. मग वडे परत कसे पाठवणार? आणि सासरी निघालेल्या भाचीच्या हातचं टाकणार कसं? ते खाणं नव्हतंच मुळी. तो मान होता. मानाचं वजन वाढतं होय?

शिवाय डबा रिकामा परत धाडत नाहीत. ही रीत घरतांच्या घरात देवासारखी पाळली जायची. म्हणून प्रभाकर स्वतः बाजारात जाऊन पूर्वीसाठी बालूशाही आणायचे, डबा गच्च भरायचे आणि नेऱ्याच्या वाटेवर रिक्षा चालवणाऱ्या नावेदकडे द्यायचे. हौसा तरी डबा रिकामा कसा पाठवील? दोन दिवसांनी तो पुन्हा वड्यांनी भरून हजर. नावेद एकदा म्हणालाच, "चाचा, माझी रिक्षा पॅसेंजरपेक्षा तुमच्या डब्यावर जास्त धावते."

काटा हलेना म्हणून प्रभाकरांनी घरात बसणं सोडलं. सकाळ-संध्याकाळ चालू लागले. लिफ्ट सोडली. एके दिवशी त्यांना वाटलं, वजन राहिलं बाजूला, निदान सराव तरी करू. खाली पार्किंगमध्ये तांदळाचं पोतं आलं होतं. ज्याचा एक घास खायची बंदी, त्याचं अख्खं पोतं त्यांनी कवेत घेतलं आणि मांडवात शिरावं तशी गंभीर पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला गुडघा वाकला. प्रभाकर पोत्यावर बसले आणि पोतं उसवलं.

नेमका तेव्हाच कल्पेश आला. तांदळाच्या राशीत बसलेल्या दादाला बघून तो हसला नाही, हे सगळ्यात वाईट. त्याने हात देऊन उठवलं, कपडे झटकले आणि हळूच म्हणाला, "दादा, खरंच राहू दे. पोरीला पाडलंस तर?"

त्या दिवशी प्रभाकर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी चप्पल घातली. "मॅडमकडं जातू. काय औषध-बिवषध आसल तं घेतू."

रंभाबाई दचकल्या. "आज नको. उद्या जाऊ."

"का?"

"आज… आज गुरुवार हाय."

"गुरुवारी वजन उतरत नाय?" म्हणत त्यांनी बालूशाहीचा डबा पिशवीत टाकला, परतताना नावेदला द्यायला. रंभाबाई कपाळावर हात मारून मागोमाग निघाल्या.

दवाखान्यात मॅडमच्या खोलीत कोणीतरी होतं. दार अर्धवट उघडं होतं. प्रभाकर बाकावर टेकले आणि आतून ओळखीचा आवाज आला.

"मॅडम, पंधरा दिवस काटा तिथेच आहे. भात नाही, पोळी नाही. जिम पण चालू केलीय."

"लपूनछपून काही?"

"नाही हो. म्हणजे मामाचा डबा येतो. पण ते काय खाणं नाहीये ना. मामाने पाठवलेलं असतं."

प्रभाकर उठून उभे राहिले.

"पण तुला एवढी घाई कसली?" मॅडम विचारत होत्या. "तुझं वजन काही जास्त नाही."

"मामाचे गुडघे दुखतात. तो बोलत नाही, पण मला दिसतं. त्याला मलाच उचलायचंय, दुसरं कोणी नकोय त्याला. मलाही नकोय. मग निदान मी तरी हलकी नको का?"

प्रभाकरांनी दार ढकललं. आत काट्यावर पूर्वी उभी. गालाची हाडं वर आलेली. तिने मामाला बघितलं, मामाच्या हातातली पिशवी बघितली.

"मामा, तू इथे?"

"मी… माझं पन वजन…" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मनस्वी मॅडम खुर्चीतून उठल्या. "एक मिनिट. घरत काका, या पिशवीत काय आहे?"

डबा टेबलावर उघडला गेला. बालूशाहीचा वास खोलीभर पसरला. मॅडमनी डब्याकडे बघितलं, मग पूर्वीकडे, मग प्रभाकरांकडे. "आणि तुमच्याकडे काय येतं?"

"वडे," प्रभाकर पुटपुटले. "तांदळाचे."

"मला मामी म्हणाली, तू वाळत चाललायस!" पूर्वी म्हणाली. "म्हणून मी जास्त करून पाठवत होते."

"मला पन तीच म्हनाली, पोरगी वाळली."

दोघेही एकदम दाराकडे वळले. रंभाबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. "असं काय बगता? दोगांना हितं मीच धाडलं. दोगांनी मला शपथ घातली, त्याला सांगू नको, तिला सांगू नको. कोनाची मोडायची होती मी?"

"अगं, पण डबा तरी थांबवायचास," प्रभाकर म्हणाले.

"आनि रिकामा धाडू? हौसाच्या दारात माझी काय अब्रू ऱ्हायली असती?"

मनस्वी मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की कसलं, कोणी विचारलं नाही. त्यांनी दोघांना एकच औषध दिलं. डबा चालू ठेवा, आतला माल बदला. त्यानंतर नावेदच्या रिक्षातून उकडलेली अंडी नेऱ्याला जाऊ लागली आणि भाजलेली सुकट करंजाड्याला येऊ लागली. काटा खोकला आल्यासारखा एकदा हलला आणि मग खाली घसरत गेला.

लग्नाच्या दिवशी तो एक्क्याण्णववर होता. डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा बांधून परवानगी दिली. कल्पेश हात पुढे करून बाजूने चालत होता, पडली तर झेलायला. प्रभाकरांनी पूर्वीला उचललं. पोत्यापेक्षा कितीतरी हलकी. की त्यांच्याच अंगात जोर आला होता, कोण जाणे. ते बोहल्यापर्यंत आले आणि थांबले. भटजी बघत होते, वऱ्हाड बघत होतं.

"मामा, खाली ठेव ना आता," पूर्वी कानाशी म्हणाली.

"थांब जरा," प्रभाकर म्हणाले. "एकदा ठेवली की गेलीस."

मग कल्पेशनेच डोळे पुसत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी तिला उतरवलं.

पोरगी मोऱ्याला गेली. पाठवणीला रंभाबाईंनी तिच्याबरोबर तोच डबा दिला होता, लाडूंनी भरून. मग दिवस गेले. डबा येईना. प्रभाकर रोज काट्यावर चढायचे, काटा खाली जायचा, आणि त्यांना काही बरं वाटायचं नाही. फोनवर पूर्वी "मजेत आहे" म्हणायची, पण फोनवर सगळेच मजेत असतात. परक्या घरची माणसं कशी असतील, पोरीला विचारून खाऊ घालत असतील का, या काळजीने त्यांची झोप उडाली होती.

एका रविवारी बेल वाजली. दारात हृतिकचा मित्र होता, हातात डबा. प्रभाकरांनी तो घेतला आणि हातावर तोलून बघितला. जड होता. झाकण उघडलं तर आत तांदळाच्या भाकऱ्या, मऊसूत, अजून गरम, आणि पापलेटचं कालवण. मागोमाग पूर्वीचा फोन.

"मामा, सॉरी. मी त्यांना सांगितलं तू भाकरी खात नाहीस. पण सासूबाई ऐकेचनात. म्हणाल्या, मामाचा डबा रिकामा कसा धाडायचा?"

प्रभाकरांनी फोन रंभाबाईंच्या हातात दिला, पाट घेऊन बसले, भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला. दुसरी भाकरीही संपवली. मग तोंड पुसून शांतपणे म्हणाले, "रंभे, बाजारात जातू. बालूशाही संपायच्या आत."