जगभरचे सौदे माझ्या नावावर

प्रणालीला फोन करायचा नाही, एवढाच माझा निर्णय होता. माझ्या हातून मोठ्या चुका अशाच होतात, कुणाला त्रास नको म्हणून.

माझं आयकराचं विवरणपत्र भरणारे राजापेठेतले नत्थुजी म्हणाले होते, "क्रिप्टो घेतलंय ना तुम्ही? मग व्यवहारांची यादी पाठवा." घेतलं होतं खरं. फेब्रुवारीत कॉलेजच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या अनुपने घेतलं, म्हणून मीही पाच हजारांचं बिटकॉइन घेतलं. (अनुपने हेल्मेट घेतलं तेव्हा मीही हेल्मेट घेतलं होतं. माझ्याकडे सायकल आहे.)

यादी आणायची कुठून? माझी मुलगी प्रणाली पुण्याला नोकरी करते. होळीला आली तेव्हा तिने माझ्या लॅपटॉपवर एक एआय मदतनीस बसवून दिला होता. "बाबा, याला एक टूल जोडलंय. क्रिप्टोच्या एक्स्चेंजवर जाऊन माहिती तो स्वतःच आणतो. मराठीत विचारा, आणि मी मीटिंगमध्ये असताना फोन करू नका."

जूनमधल्या एका रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. शेजारी माझे सासरे बसले होते. खुशालराव, म्हणजे आमचे मामाजी, अकोटचे, कापसाच्या बाजारात चाळीस वर्षं मापारी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते आणि नव्या डोळ्याने दिसेल ते वाचत होते. शाम्पूच्या बाटलीपर्यंत सगळं वाचून झालं होतं.

मी लिहिलं, "बिटकॉइनचे अलीकडचे व्यवहार दाखव."

दोन सेकंदांत यादी आली. वेळ, भाव, किती घेतलं, किती विकलं. पाचशे ओळी. पहिली ओळ दहा वाजून चार मिनिटांची होती आणि शेवटचीही दहा वाजून चार मिनिटांचीच.

"जावईबापू," स्क्रीनला नाक लावून मामाजी म्हणाले, "एका मिनिटात पाचशे सौदे? तुमी तं सेठ झाले."

"हे माझे नाहीत, मामाजी."

"मंग कोनाचे? पट्टी कोनाच्या हातात आली?"

अकोटच्या बाजारात सौदापट्टी, म्हणजे विक्रीची पावती, ज्याच्या हातात देतात, तिच्यावर फक्त त्याचाच माल असतो. एकाची पट्टी दुसऱ्याला देणाऱ्या माणसाला पुन्हा कुणी काट्यापाशी उभं करत नाही. चाळीस वर्षांचा हा अनुभव माझ्या शेजारी बसून बोलत होता. माझा अनुभव चार महिन्यांचा, तोही अनुपचा.

मी पुन्हा विचारलं. नव्या पाचशे ओळी आल्या. दहा वाजून सहा मिनिटं.

"हे तं आताबी चालूच हाय," मामाजी म्हणाले. "इकडं आपन चाय पिऊन राहिलो आन तिकडं तुमी माल विकून राहिले."

मी घाईघाईने लिहिलं, "हे व्यवहार ताबडतोब थांबव."

"क्षमस्व, हे व्यवहार मी थांबवू शकत नाही."

"कोण करतंय?"

"व्यवहार कोण करतं, ही माहिती या टूलमधून मिळत नाही."

(याच्या खाली त्याने आणखी दोन परिच्छेद लिहिले होते. सगळा खुलासा त्यातच होता, असं नंतर कळलं. मी ते वाचले नाहीत.)

एक्स्चेंजला बँकेचं खातं जोडताना मी भावनाचं आणि माझं जॉइंट खातं दिलं होतं, कारण पासबुक तेवढंच सापडलं. भावना, माझी बायको, धारणीकडच्या शाळेत शिकवायची. पगारातून ती त्या खात्यात थोडंथोडं टाकत राहिली. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. विचारायला वेळ आहे असं मला वाटत होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. खात्यावरचं तिचं नाव कमी करण्याचा फॉर्म मी आणतो, टेबलावर ठेवतो, आणि त्यावर वर्तमानपत्र ठेवतो.

"मामाजी, खातं भावनाचं आहे," मी म्हणालो.

ते उठले, दारामागे गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला, फ्रिज थांबला. लॅपटॉप मात्र बॅटरीवर तसाच उजळलेला.

"याले काहून काही होत नाही?" मामाजींनी विचारलं. पण वायफाय गेल्यामुळे पुन्हा विचारलं तरी नवी यादी येईना. "थांबली," ते म्हणाले, आणि स्विचखाली स्टूल टाकून पहाऱ्याला बसले.

घामाच्या धारा पुसत मी प्रणालीला फोन केला. सगळं सांगितलं. हसू दाबायला तोंडावर हात ठेवला की जसा आवाज येतो, तसा पलीकडून आला.

"बाबा, ती सगळ्या जगाची यादी आहे. बाजारात काय चाललंय ते कुणालाही दिसतं. तुमची स्वतःची यादी वेगळी मागावी लागते. आणि त्या मदतनिसाला मी फक्त बघायची परवानगी दिलीय, घ्यायची-विकायची नाही. आईचं खातं जागेवर आहे. बँकेचं ॲप उघडा."

उघडलं. खातं होतं तसं होतं. दोन नावं, आणि तिने ठेवलं तेवढं सगळं, वर व्याज. मी मोबाइल मामाजींपुढे धरला. त्यांनी रक्कम पाहिली नाही. लेकीचं नाव वाचलं, सावकाश, दोनदा.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "नाव ऱ्हाऊ द्या अजून."

मग त्यांनी मेन स्विच वर केला. पंख्याचा वारा इतका बरा मला कधी वाटला नव्हता.

आता धीर आला होता. प्रणालीने सांगितलं तसं मी लिहिलं, "माझ्या खात्यावर मी स्वतः केलेले सगळे व्यवहार दाखव."

"आपल्या खात्यावर आजवर एकही व्यवहार झालेला नाही," मदतनीस म्हणाला.

या वेळी मी खालचे परिच्छेदही वाचले. फेब्रुवारीत मी ऑर्डर टाकली होती, पण भाव असा टाकला होता की त्या भावाला विकायला जगात कुणीच तयार झालं नाही. माझे पाच हजार एक्स्चेंजवर तसेच पडून होते. टीव्हीवर भाव वाढला की मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजत होतो, आणि एकदा पडला तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

मामाजींनी अकोटला सासूबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. "अवो, जावयाचं काही गेलं नाही. त्यायनं काही घेतलंच नव्हतं."

पलीकडे मैनाबाई भाकरी थापत होत्या. थपथप एकदाही चुकली नाही.

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "लुसकान होयाले बी मानसाले पयले काहीतरी करा लागते नं."